रात्रगस्तीचा दुसरा माणूस

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणारी गाडी दारासुरम आणि स्वामीमलै मागे टाकून पुढे आली की सुंदरपेरुमाळ कोयिल हे छोटे स्थानक लागते. पापनाशम तालुक्यातल्या या गावाचे नावच देवळावरून पडले आहे. सभोवती भाताची खाचरे, कावेरीच्या फाट्यांचे पाणी आणि एकमेकांना जवळजवळ खेटून वसलेली खेडी. या मुलखावर तंजावरच्या भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत, शेवटी नावापुरती का होईना, टिकून होती, म्हणून मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही. अशा गावात रात्री पोलिसाने राखायचे ते काय? घरे, दुकाने, गोठ्यातली शेळी-गुरे, शेतावरचे पंप आणि देवळांतल्या कांस्यमूर्ती. राखणाऱ्यांची संख्या मात्र मोजकी, आणि तिजोरीतला पैसा त्याहून मोजका. मग प्रश्न उभा राहतो की रात्रीच्या गस्तीला एकाने जावे की दोघांनी? प्रश्न साधा वाटतो. पण पोलीस खात्याने काटकसर कुठे करावी आणि कुठे मुळीच करू नये, याचे उत्तर त्याच्या पोटात दडलेले आहे.

याच टापूतली एक घटना हा प्रश्न कायमचा धारदार करून गेली. २१ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे तिरुचिरापल्लीजवळच्या नवलपट्टू ठाण्याचे विशेष उपनिरीक्षक एस. भूमिनाथन शेळ्या चोरून नेणाऱ्या दुचाकीस्वारांच्या मागे लागले. पाठलाग करत करत त्यांनी आपल्या ठाण्याची हद्द ओलांडली, जिल्ह्याचीही ओलांडली, आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यात कीरनूरजवळ त्यांनी चोरांना गाठले. तिथे ते एकटे होते. मदत पोचण्याआधीच कोयत्याने त्यांचा खून झाला. नंतर पकडलेल्यांत एक १९ वर्षांचा तरुण होता आणि बाकीचे अल्पवयीन. तमिळनाडूत विशेष उपनिरीक्षक हे पद शिपाई म्हणून भरती होऊन दीर्घ सेवा केलेल्यांना मिळते. म्हणजे भूमिनाथन नवखे नव्हते. अनुभव होता, हिंमत होती, कर्तव्याची जाणीवही होती. कमी होता तो दुसरा माणूस, आणि हद्दीपलीकडे वेळेवर हलणारी यंत्रणा. मुख्यमंत्री मु. क. स्टालिन यांनी कुटुंबाला एक कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ती योग्यच होती. पण खात्याने शिकायचा धडा त्या रकमेत नाही. तो त्या पहाटेच्या गस्तीच्या आखणीत आहे.

आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यात या हद्दीच्या प्रश्नावर एक रीत होती. चोरी झाली की जागल्या किंवा रामोशी चोराचा माग काढत जाई. माग गावाच्या शिवेवर पोचला की तो पुढच्या गावाला दाखवून द्यायचा. तिथून जबाबदारी त्या गावाची. तमिळ मुलखात कावलकार असत. गावाकडून धान्याचा वाटा घ्यायचा, आणि चोरीचा माल सापडला नाही तर भरपाई करायची, असा तो करार होता. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने ही व्यवस्था मोडून पगारी पोलीस उभे केले. तमिळमध्ये पोलीस खात्याला आजही ‘कावल तुरै’ म्हणतात, तो शब्द तिथलाच. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात जातीची जबरदस्ती होती आणि राखणदारानेच चोरी घडवून आणल्याच्या तक्रारीही होत्या. परंतु माग शिवेवर दुसऱ्याच्या हाती सोपवायचा असतो ही समज तिच्यात होती. बिनतारी संदेश आणि भ्रमणध्वनीच्या काळात एका अधिकाऱ्याला दोन जिल्ह्यांच्या सीमेवर एकट्याने माग संपवावा लागला.

आता मनुष्यबळाचा हिशेब पाहू. पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या आकडेवारीनुसार १ जानेवारी २०२० रोजी देशातल्या राज्य पोलीस दलांत सुमारे २६ लाख २३ हजार पदे मंजूर होती आणि त्यांतली ५ लाख ३१ हजार रिकामी होती. म्हणजे दर पाच खुर्च्यांमागे एक रिकामी. याच ब्युरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाने केलेला आणि २०१४ मध्ये आलेला अभ्यास त्याहून बोलका आहे. ठाण्यांतल्या जवळजवळ ९० टक्के कर्मचाऱ्यांचे काम रोज आठ तासांपलीकडे जाते आणि जवळपास तीन चतुर्थांश जणांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी धड मिळत नाही, असे त्यात आढळले. तीन पाळ्या नीट चालवायच्या तर मंजूर पदांच्या १.६८ पट माणसे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. मंजूर पदांच्या जवळजवळ पावणेदोन पट, आणि इथे मंजूर पदेच भरलेली नाहीत! ही दरी कशाने भरून निघते? माणसाच्या झोपेने, त्याच्या सुट्टीने आणि त्याच्या प्रशिक्षणाने. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस’ या संस्थांच्या २०१९ च्या अहवालासाठी २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांशी बोलणे झाले, तेव्हा सरासरी कामाचे तास १४ निघाले. त्याच अहवालात दिसते की आधीच्या पाच वर्षांत सेवेत असताना प्रशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण सरासरी ६.४ टक्के होते. या दोन आकड्यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे. चौदा तास काम करणारा शिपाई प्रशिक्षणाला सोडला तर त्याची चौदा तासांची जागा भरायला कोणी नसते. म्हणून ठाणे अंमलदार त्याला सोडत नाही.

अशा ओढाताणीत ‘दोघांचे काम एकाला द्या’ ही सूचना येणारच. तिच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात १९७० च्या दशकाच्या मध्यात एकट्याची गाडी आणि दोघांची गाडी यांची काळजीपूर्वक तुलना झाली. अहवाल १९७७ मध्ये आला. एकट्याने चालवलेल्या गस्तीचे काम दोघांच्या तोडीचे ठरले, सुरक्षिततेत ती मागे पडली नाही आणि खर्च मात्र बराच कमी आला. दोघे असले की खटका उडण्याची शक्यता उलट थोडी वाढते, एकटा माणूस अधिक जपून, अधिक बोलून काम करतो, असा अर्थ अनेकांनी त्यातून काढला. तो खराही असेल. पण ही तुलना कोणत्या परिस्थितीत झाली ते पाहिले पाहिजे. तिथला एकटा अधिकारी बंद गाडीत होता, त्याच्या हाताशी सतत चालू असलेला बिनतारी संच होता, आणि त्याने हाक दिली की काही मिनिटांत दुसरी गाडी येत होती. त्याने मदत मागवलीही थोडी जास्त वेळा. म्हणजे तो एकटा होता ते केवळ आपल्या गाडीत. त्याचा दुसरा माणूस दोन चौक पलीकडे होता. कावेरीच्या खोऱ्यात किंवा मराठवाड्याच्या एखाद्या तालुक्यात चाळीस-पन्नास गावांमागे एक ठाणे असते, रात्री एखादी जीप आणि एखादी दुचाकी बाहेर असते. तिथे एकटा तो खरोखरच एकटा. सॅन डिएगोचा निष्कर्ष तिथे जसाच्या तसा लावणे म्हणजे शहरातला नळ पाहून खेड्यात विहीर बुजवण्यासारखे आहे.

दुसरा एक प्रयोग मात्र आपल्याला अधिक उपयोगी आहे, आणि तो गस्तीच्याच मुळावर प्रश्न विचारतो. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत पंधरा बीटांचे तीन गट केले गेले. एका गटात नेहमीची फिरती गस्त चालू ठेवली, दुसऱ्यात दुपटी-तिपटीने वाढवली, तिसऱ्यात जवळजवळ बंद केली आणि पोलीस फक्त बोलावल्यावर गेले. वर्षभरानंतर गुन्हे, लोकांची भीती, पोलिसांविषयीचे समाधान यांत मोठा फरक आढळला नाही. यावरून गस्त निरुपयोगी ठरत नाही. वाट्टेल तिकडे फिरणे निरुपयोगी ठरते. कारण २००९ मध्ये फिलाडेल्फियात गुन्ह्यांची दाटी असलेली साठ ठिकाणे निवडून तिथे पायी गस्त ठेवली, तेव्हा हिंसक गुन्हे सुमारे २३ टक्क्यांनी घटले. ती गस्त, ध्यानात घ्या, जोडीने होती आणि नव्या शिपायांची होती. ठिकाण नेमके, माणसे दोन.

ठिकाणाइतकेच गस्तीत काय पाहायचे हेही महत्त्वाचे, हे कावेरीच्याच मुलखातल्या एका चोरीतून दिसते. श्रीपुरंदान हे कुंभकोणमच्या उत्तरेला, अरियलूर जिल्ह्यातले गाव. तिथल्या चोळकालीन देवळातला नटराज २००६ मध्ये चोरीला गेला. चोरी उघडकीस यायला दोनेक वर्षे लागली, कारण देऊळ बंद पडलेले होते आणि आत कोणी जात नव्हते. मूर्ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जाऊन बसली, २०१४ मध्ये परत आली आणि ती विकणारा प्राचीन वस्तूंचा व्यापारी सुभाष कपूर याला मूर्तिचोरीच्या एका खटल्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्याच न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. आता विचार करा. अशा देवळाच्या दारासमोरून रोज रात्री एक दुचाकी गेली असती आणि भिंतीवरच्या वहीत सही झाली असती, तरी काय कळले असते? कुलूप जागेवर आहे, इतकेच. आठवड्यातून एकदा दिवसा जाऊन, पुजाऱ्याला किंवा शेजारच्या दुकानदाराला विचारून, दार उघडायला लावून मूर्ती मोजल्या असत्या तर चोरी दोन वर्षे दडून राहिली नसती. हे काम एकट्याने होते, उजेडात होते, त्याला जीप लागत नाही. लागते ती ओळख, आणि काय पाहायचे याचे शिक्षण. म्हणूनच तमिळनाडूला १९८३ मध्ये मूर्तिचोरीसाठी वेगळा विभाग उभारावा लागला. साध्या शिपायाला ते डोळे दिले गेले असते तर त्या विभागाकडे येणाऱ्या कामात पुष्कळ घट झाली असती, असे मला वाटते.

माझे म्हणणे इथे आकार घेते. हात आखडता असेल तर फेऱ्या कमी करा, दुसरा माणूस कमी करू नका आणि प्रशिक्षणाला तर हातच लावू नका. सध्या नेमके याच्या उलट चालते. फेऱ्यांची संख्या मोजता येते, वहीत दिसते, वरिष्ठांना दाखवता येते, म्हणून ती राखली जाते. दुसरा माणूस बंदोबस्तावर जातो आणि प्रशिक्षण पुढच्या वर्षावर.

हे परवडेल का, याचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येतो. एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर ८,७६० तास लागतात. एका शिपायाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० दिवस अर्जित रजा, १५ दिवस किरकोळ व आजारपणाची रजा आणि १० दिवस प्रशिक्षण वजा करा. उरतात २५८ दिवस, आठ तासांप्रमाणे २,०६४ तास. म्हणजे एका जागेसाठी ४.२४ माणसे हवीत. चोवीस तास जोडी ठेवायची तर ८.४९. पण दिवसा एक आणि रात्री दहा ते सहा दोघे, असे ठेवले तर ५.६६ मध्ये भागते. रात्रीचा दुसरा माणूस आपल्याला दर जागेमागे दीड माणसाहूनही थोडा स्वस्त पडतो. आता प्रशिक्षणाचे ते दहा दिवस काढून टाका. ४.२४ चे ४.०९ होतात. वाचले काय? चार टक्क्यांहूनही कमी. पंचवीस जणांच्या ठाण्यात प्रत्येकाला वर्षाकाठी दहा दिवस शिकायला पाठवण्याची किंमत फक्त एका शिपायाएवढी आहे. देशभरात पोलीस खर्चातला प्रशिक्षणाचा वाटा एक-दीड टक्क्याच्या घरात घुटमळतो. त्यातून काही कापून तिजोरी भरत नाही. मात्र त्या कपातीने उरलेल्या साऱ्या खर्चाचे मोल उतरते.

कोणी म्हणेल, हे सारे कागदावर ठीक, प्रत्यक्षात आठ तासांची पाळी तरी कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. पण मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात हा प्रयोग झाला, तो कागदावर नव्हता. ठाण्यातल्याच एका पोलीस नाईकाने पाळ्यांची मांडणी करून दाखवली, तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली, आणि नवी भरती न करता, आहे त्या माणसांची फेरमांडणी करून आठ तासांची ड्युटी एकेका ठाण्यात पसरत गेली. पुढे बंदोबस्त वाढला, करोना आला, आणि आठाचे पुन्हा बारा झाले. तरीही सिद्ध व्हायचे ते झाले होते. कमतरता जितकी माणसांची आहे तितकीच आखणीचीही आहे, आणि आखणीतला दोष ठाण्यातल्या माणसाला सर्वांत आधी दिसतो.

दिवसा एकटा चालेल असे मी म्हटले, त्यालाही मर्यादा आहे. मुंबईत खार भागात २३ ऑगस्ट २०१६ रोजी वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला अडवले. त्या मुलाने भावाला बोलावले आणि त्यांनी शिंदे यांच्या डोक्यात वार केला. ३१ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. भरदिवसा, शहराच्या मध्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा एक की दोन हे केवळ घड्याळ पाहून ठरवता येणार नाही, काम पाहून ठरवावे लागेल. भेटी देणे, चौकशी करणे, समन्स बजावणे, शाळा-देवळांवर नजर ठेवणे ही कामे एकट्याची. अडवणे, पाठलाग, अटक, अंधारात दार ठोठावणे ही दोघांची. महाराष्ट्रात बीट मार्शल दुचाकीवर जोडीने फिरतात ते याच समजुतीने. आणि दुसरा माणूस मिळत नसेल तर ‘पाठलाग सोड, नंबर कळव, नाकाबंदी लागू दे’ हा स्पष्ट आदेश हवा. तो पाळणाऱ्याला कोणी भित्रा म्हणता कामा नये. शेळी परत मिळवता येते.

भूमिनाथन यांच्या खुनानंतर तमिळनाडूचे तेव्हाचे पोलीस महासंचालक सी. शैलेंद्र बाबू यांनी रात्रगस्तीवर जाणाऱ्यांनी शस्त्र जवळ ठेवावे आणि स्वसंरक्षणासाठी ते वापरायला कचरू नये, असे सांगितले. आपल्या माणसांच्या जिवाची काळजी त्यामागे होती. तरी शस्त्र हा दुसऱ्या माणसाचा पर्याय होऊ शकत नाही. हातभर अंतरावरून कोयता फिरतो तेव्हा पिस्तूल काढायला वेळ मिळत नाही, आणि वर्षानुवर्षे सराव नसलेल्या, सोळा तास जागलेल्या हातातले पिस्तूल सर्वांनाच धोक्याचे. शिवाय थकलेल्या आणि अप्रशिक्षित दलाच्या हाती अधिक बळ दिले की काय होते याची दुसरी बाजूही याच राज्याने पाहिली आहे. जून २०२० मध्ये तूत्तुक्कुडी जिल्ह्यातल्या सात्तानकुळममध्ये टाळेबंदीच्या किरकोळ कारणावरून ताब्यात घेतलेले बाप-लेक मारहाणीने मेले. तिथे दुसरा माणूस हजर होता, तिसरा आणि चौथाही होता. नव्हता तो थांबवणारा. म्हणून नुसती जोडी लावून भागत नाही. जोडीदाराला ‘आता पुरे’ म्हणण्याची ताकद आणि रीत प्रशिक्षणातच रुजवावी लागते. जोडी हवी असा आग्रह धरताना मला प्रशिक्षणावरचा हात सोडता येत नाही, तो यामुळेच.

स्वस्तातली माणसे घ्या, हा आणखी एक मार्ग सुचवला जातो. त्याचा इतिहास जुना आहे. गृहरक्षक दल, आपले होमगार्ड, १९४६ मध्ये मुंबई प्रांतातच सुरू झाले. तमिळनाडूत रामनाथपुरमला १९९३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही नागरिकांची चळवळ पोलीस अधिकारी प्रतीप फिलिप यांनी उभी केली. त्याच राज्याने २०१३ मध्ये कायदा करून तरुणांचे विशेष दल एकरकमी मानधनावर घेतले. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये मुंबईसाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून सुमारे तीन हजार माणसे कंत्राटावर घेण्याचे ठरवले. यांतल्या प्रत्येकाचा उपयोग आहे. गर्दीला वाट दाखवणे, पहारा, पूर आला की मदत ही कामे होमगार्ड उत्तम करतात. पण सात्तानकुळमनंतर ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’च्या स्वयंसेवकांवर बोटे उठली आणि जुलै २०२० मध्ये सरकारने ती व्यवस्था बंद केली, यातून मर्यादा दिसते. अंगावर वर्दीचा अधिकार आहे आणि जबाबदारीची साखळी नाही, असा माणूस रात्रगस्तीचा दुसरा माणूस होऊ शकत नाही. होमगार्डला जोडीला द्यायचे तर त्यालाही तेच दहा दिवस, तोच विमा आणि तीच नुकसानभरपाई द्यावी लागेल.

यंत्रांबद्दल थोडक्यातच सांगतो. वहीतल्या सहीऐवजी आता क्यूआर कोड स्कॅन होतो, ११२ क्रमांक आहे, वाहनांना जीपीएस आहे. गस्तवाला कुठे आहे हे यंत्र अचूक सांगते. तिथे दुसऱ्या कोणाला पोचवणे यंत्राच्या हातात नाही. या यंत्रांचा खरा उपयोग हद्द पुसण्यासाठी व्हावा. शेजारच्या ठाण्याची, शेजारच्या जिल्ह्याची गाडी जवळ असेल तर नियंत्रण कक्षाने तीच हलवावी, कागद नंतर होतील.

सर्वांत अवघड आक्षेप बंदोबस्ताचा आहे. कुंभकोणमला दर बारा वर्षांनी महामहम भरतो. १८ फेब्रुवारी १९९२ च्या महामहमात सरोवराकाठी चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसे गेली. नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी ३९ भाविक असेच गेले. त्यामुळे अशा पर्वाला हजारो पोलीस लागणार, ते आसपासच्या ठाण्यांतूनच येणार, आणि तेव्हा जोडीची गस्त टिकणार नाही, हे खरे आहे. यावर भरतीखेरीज पूर्ण उत्तर नाही. तरी दोन गोष्टी आजच करता येतात. जिल्ह्याबाहेर नेता येणारा बंदोबस्त राज्य राखीव दलावर टाकावा, आणि प्रत्येक ठाण्यात रात्रीची एक जोडी अशी ठेवावी की जिला कोणत्याही सणाला, सभेला, दौऱ्याला हलवता येणार नाही. पुढचा सिंहस्थ नाशिकला २०२७ मध्ये मुख्य पर्वावर येतो आणि पुढचा महामहम २०२८ मध्ये. दोन्ही तारखा आधीपासून ठाऊक आहेत. महामहमाच्या आठवड्यात कुंभकोणमच्या सरोवराकाठी किती पोलीस उभे राहतील याचे आराखडे होतील, छापून येतील. त्याच आराखड्यात सुंदरपेरुमाळ कोयिल आणि आसपासच्या खेड्यांत त्या रात्री कोण असेल, त्याच्याबरोबर दुसरा कोण असेल आणि त्याने हाक दिली तर कुठल्या ठाण्याची गाडी किती मिनिटांत पोचेल, यासाठी एक पान असायला हवे.